डोमनलालचे दहा टक्के

डोमनलाल रहांगडालेचं लायसन सहा महिन्यांचं निलंबन संपवून सोमवारी परत आलं. बुधवारी गाडीचा विमा संपत होता. आणि रविवारी मुलीच्या, सोनिकाच्या, साक्षगंधाची तारीख काढायला देवरीला होणाऱ्या इवायांकडे, म्हणजे व्याह्यांकडे, जायचं होतं.

लायसन गेलं ते एका रात्री नाक्यावर पिऊन गाडी चालवताना सापडल्यामुळे. त्यानंतर कुंताने अकरा दिवसांत गाडी शिकून घेतली आणि चाबी आपल्या पर्समध्ये ठेवली. त्या रात्रीबद्दल ती पुन्हा कधी बोलली नाही. डोमनलाल शेजारच्या सीटवर बसू लागला. आमगावच्या बाजाराला ते दृश्य आता जुनं झालं होतं. पण मुलीच्या सासरच्या दारात त्या सीटवरून उतरणं त्याला जमण्यासारखं नव्हतं.

विमा आपल्यामुळे महागणार, हे त्याने धरूनच ठेवलं होतं. आकडा कुंताच्या आधी आपल्याला कळावा म्हणून तो विमा एजंट टिकारामकडे एकटाच गेला, सायकलने.

टिकारामने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. "डोमनभाऊ, मागच्या साली अकरा हजार होते. औंदा सोळा."

"मायावाल्या लायसनचे पकडले ना?"

"नाई जी. कंपनीले तुमच्या लायसनचं काई मालूम नाई. फॉर्ममध्ये तसा सवालच नाई."

"मंग वाढले काऊन?"

"वहिनीनं क्लेम घेतला ना. राइस मिलच्या फाटकाले दरवाजा घासला तवा. चार हजार दोनशे भेटले. पाच सालात क्लेम नाई म्हणून तुमाले पन्नास टक्के सूट होती, थे गेली. आता शून्यापासून. एक साल बिनक्लेम काढा, वीस टक्के भेटते. मंग पंचवीस, पस्तीस, असं चढत जाते."

डोमनलालने थोडा विचार केला. "म्हंजे मी पेलो, त्याचं काई नाई. तिनं दरवाजा घासला, त्याचे पाच हजार."

"कंपनीच्या हिसाबानं तसंच."

"हे लिहून देशील?"

"छापूनच देतो. अन् भाऊ, बाहेर नका सांगू. लोक म्हणतीन, पेलेलं सस्तं पडते."

कुंता ओसरीत लाखोळीची डाळ निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवून कागद पुढून वाचला, मग मागून. मागची अक्षरं बारीक होती, तिथे तिला जास्त वेळ लागला.

"चूक मायावाली हाय," ती म्हणाली. "चार हजारासाठी क्लेम कराचा नव्हता. आधी सुटीचं इचाराचं होतं."

डोमनलालने हात पुढे केला. "मंग चाबी?"

"कंपनीनं गाडी पायली. तुमाले कुठी पायलं?"

त्याने हात मागे घेतला. कुंताने सूप उचललं, पण कागद मांडीवरच होता.

"पद्धत बाकी चांगली हाय याइची," ती थोड्या वेळाने म्हणाली. "एक साल चांगलं गेलं तर वीस टक्के. तुमाले दारू सोडून सहा महिने झाले. म्हंजे दहा."

"दहा काय?"

"देवरी तीस किलोमीटर. तीन तुमी चालवा."

आतून सोनिका म्हणाली, "आई, बाबाले पाच दे ना."

"तू चूप बस. तुयाच लग्नाच्या कामाले जाऊन राहिलो."

"तीन तं तीन," डोमनलाल म्हणाला. "पण शेवटचे."

कुंताने त्याच्याकडे पाहिलं. "शेवटच्या तिनात बाजार हाय."

"मले मालूम हाय."

"हॉर्न वाजवाचा नाई."

"नाई वाजवत."

रविवारी मीटरवर सत्तावीस किलोमीटर झाले तिथे कुंताने एका मोहाच्या झाडाखाली गाडी थांबवली. दोघांनी जागा बदलल्या; सोनिका मागे बसली होती. पुढचं अंतर डोमनलालने बहुतेक दुसऱ्या गिअरमध्ये कापलं. बाजारात एक सायकलवाला त्यांना ओलांडून गेला.

इवाई भैय्यालाल बिसेन यांच्या अंगणात दहा-बारा माणसं उभी होती. गाडी थांबताच बायका पुढे आल्या आणि डाव्या बाजूच्या खिडकीशी जमल्या. पोरीची आई गाडी चालवते, ही बातमी देवरीपर्यंत कधीच पोचली होती.

"इवायीनबाई, ट्रॅक्टरही येते का तुमाले?" कोणीतरी विचारलं.

"अजून नाई," कुंता उतरत म्हणाली.

"मंग आज काऊन नाई चालवली?"

"चालवली ना. थोडी यायनंही चालवली."

सोनिकाला घेऊन बायका आत गेल्या. डोमनलाल दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसला होता. उजव्या खिडकीकडे कोणी आलं नव्हतं. शेवटी भैय्यालाल आले. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "इवाई, जराशी मागं घ्या ना. मायावाला ट्रॅक्टर निंगत नाई."

डोमनलालने मागे पाहिलं. तिकडे दगडी गोठा होता, गोठ्याबाहेर म्हैस बांधलेली होती आणि मध्ये जेमतेम गाडीपुरती जागा होती. कुंता पायरीवर थांबली होती. त्याने तिच्याकडे पाहिलं.

ती आत गेली नाही.

त्याने गाडी हळूहळू मागे घेतली, म्हशीपासून हातभर अंतरावर सरळ उभी केली आणि उतरला. कुंताने पुढे येऊन दरवाजा पाहिला, मग पर्स उघडून त्याच्यासमोर धरली. त्याने चाबी त्यात टाकली, आणि दोघं बरोबरच आत गेले.