पडदा फाटलाय

आमच्या ह्यांच्या इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरमध्ये आवाज काढतो तो प्लास्टिकचा पातळ पडदा. तो फाटला. हे गॅलरीतून फोनवर मित्राला ओरडून सांगत होते, "पडदा फाटलाय रे! बाहेर कशाला दाखवू? घरीच नवा चिकटवतो, हेअर ड्रायर मारला की ताठ होतो!"

शेजारच्या राजाबाईंना वाटलं, माझ्या कानाचा! संध्याकाळपर्यंत आमची नेरूळची अख्खी सोसायटी माझ्याशी हातवारे करून बोलायला लागली. राजाबाईंनी तर माझ्यासमोरच माझ्या मोदकांना नावं ठेवली.

मी तणतणत घरी आले. ह्यांनी नवा पडदा बसवून मोठ्याने गाणं लावलं होतं.

"अरुणा, कसा वाटतोय आवाज?"

मी कानाकडे बोट दाखवून नुसती नकारार्थी मान हलवली.

मग मात्र ह्यांची फाटली.