रावसाहेबांचे खिसे

रावसाहेबांनी छातीवरची पिसं उपटून उपटून स्वतःला पार उघडंबोडकं करून घेतलं, तेव्हा सुनेने त्यांना पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रावसाहेब म्हणजे घरातला पोपट. थाट साहेबाचा आणि अंगावर सदरा नाही!

"कंटाळलाय तो," बाई म्हणाल्या. "आयती वाटी बंद करा. दाणे कागदाच्या पुड्यांत लपवा. शोधू दे, फाडू दे. नाहीतर उद्या कातडी सोलेल, जिवावर बेतेल."

सासरे ऐकून चक्रावले. उभा जन्म शिवणकामात गेलेला माणूस, सगळे त्यांना मास्तरच म्हणत. पोटभर खाणाऱ्याला कंटाळा कसा मारेल? आणि आजाऱ्यापुढची वाटी काढून घ्यायची, ही कसली डॉक्टरकी? खुर्चीत बसल्या बसल्या ते बाहीचे धागे ओढत राहिले. हल्ली ती खोडच लागली होती. हात थरथरतो म्हणून मुलाने शिवणयंत्र बंद करून त्यावर कुंडी ठेवली, तेव्हापासून चहासुद्धा हातात मिळायचा. दुसरं करणार काय बिचारे!

सून कामाला गेली की मास्तर चोरून वाटी भरायचे. "खा रे राजा, यांना काय कळतंय!"

पण रावसाहेब वाटीकडे ढुंकूनही बघेनात. पुडीला उलटे लोंबकळून, कागदाच्या चिंध्या करून आतला दाणा खायचे. अहो, तोच दाणा! वाटीत ढीगभर पडलेला! आणि पुड्या संपल्या की भरल्या वाटीशेजारी बसून पुन्हा उपटाउपटी सुरू. मास्तरांची मती गुंग झाली.

एके दुपारी छातीवर रक्त दिसलं. घरात कुणी नाही. पुड्या सकाळीच संपलेल्या. नव्या बांधणं मास्तरांना कुठलं जमायला? जे येत होतं ते त्यांनी केलं. कुंडी उचलून खाली ठेवली, जुनी विजार कापली आणि पट्टीवर खिसेच खिसे शिवले, चोरखिसासुद्धा. आत दाणे घालून तोंडं टाचली आणि पट्टी पिंजऱ्यात टांगली.

संध्याकाळी सुनेबरोबर आलेला मुलगा दारातच ओरडला, "बाबा! बोटाला सुई लागली ना? सांगितलं होतं, आराम करा म्हणून!" परत यंत्रावर ठेवायला त्याने कुंडी उचलली.

घरभर चिंध्या. रावसाहेब चोरखिशाशी झटापट करत होते.

"दुपारपासून एका पिसाला चोच लावली नाही," मास्तर चाचरत म्हणाले. "पण सगळी शिवण उसवली गं माझी. पुन्हा शिवावी लागणार."

सून पिंजऱ्याकडे बघत राहिली, मग मास्तरांच्या हाताकडे. "बाबा, आज बाहीचा एकही धागा निघालेला नाही."

"बाहीचा इथे काय संबंध?"

तिने नवऱ्याच्या हातातली कुंडी काढून घेतली आणि बाहेर गॅलरीत नेऊन ठेवली. मास्तर तिच्याकडे बघतच राहिले. काही कळलं तर शपथ! मग त्यांनी विजारीचा दुसरा पाय ओढून घेतला आणि कात्री शोधू लागले.