गढीसमोरची बेचाळीस पावलं

साडेनऊला परीक्षेचं गेट बंद होणार होतं, आणि आठ पन्नासला साक्षीची स्कूटी अजून गावातच होती.

पोखर्णीच्या नरसिंहाच्या यात्रेमुळं पोलिसांनी डांबरी सडकेवर लाकडी बल्ल्या आडव्या टाकल्या होत्या. येणाऱ्या गाड्या कॅनॉलच्या रस्त्यानं, जाणाऱ्या जुन्या गावातून, गढीच्या गल्लीनं. एकेरी. वळणावर शिट्टी घेऊन उभ्या असलेल्या होमगार्डनं हात केला तशी साक्षीनं गाडी आत घातली.

मागं बसलेल्या लक्ष्मीबाईंनी नातीचा खांदा गच्च धरला. डोळ्याचं ऑपरेशन होऊन महिना झाला होता, परभणीला दाखवायचं होतं. एका पेट्रोलात दोन कामं, म्हणून त्या निघाल्या होत्या. ही गल्ली वाटेत येईल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यांच्या वस्तीवरून सडक झाल्यापासून त्यांनी इकडं पाऊल टाकलं नव्हतं.

"आजी, नखं रुतायलीत."

"हळू चालव."

"हळू चालवू? तिकडं नर्सच्या साठ जागांना चार हजार पोरी आल्यात. गेट बंद झालं की वर्ष गेलं. आणि पुढच्या वर्षी माझं वय बसत न्हाई."

गढीचा बुरूज दिसला. अर्धा ढासळलेला, वर पिंपळ उगवलेला. आणि त्याच्या खाली समोरून एक जीप आली. एका बाजूला गढीचा चौथरा, दुसऱ्या बाजूला उघडी नाली. साक्षीनं ब्रेक दाबला. मागं यात्रेकरूंचा टेम्पो येऊन थांबला, त्याच्या मागं ट्रॅक्टर.

जीपमध्ये व्यंकटराव होते. गढीचे. सत्तरी ओलांडलेले, गळ्याला डॉक्टरी पट्टा, ताठ.

"मागं घे गं पोरी."

"कुठं घेऊ काका? मागं टेम्पो हाय. आणि इकडून एकेरी केलंय, बोर्ड न्हाई बघितला?"

"बोर्ड कालचा हाय. गल्ली आमची हाय."

मागून ट्रॅक्टरवाल्या किशनरावांनी आवाज टाकला, "गल्ली तुमची असंल व्यंकटराव, पण खोळंबा आमचा व्हायलाय!" टेम्पोतल्या बाया हसल्या. हॉर्न वाजायला लागले. व्यंकटरावांनी इंजिनच बंद केलं.

साक्षीनं मोबाईल बघितला. आठ छप्पन्न.

आणि तेवढ्यात लक्ष्मीबाई खाली उतरल्या.

उतरायचं असं त्यांनी ठरवलं नव्हतं. पाय आपोआप उतरले. हात खाली गेला, चपला निघाल्या आणि हातात आल्या. इथं उतरायचं, वहाणा काढायच्या, मान खाली घालून बुरुजापासून वेशीपर्यंत चालायचं. हा कायदा कुठल्या बोर्डावर नव्हता. निजाम गेला, पोलीस ॲक्शन झाली, तरी तो होता. तेव्हा त्या सात वर्षांच्या होत्या. त्यांची आई बाळंतपणाला अडली होती. बाप सटवाजी तिला गाडीत घालून परभणीला निघाला आणि या बुरुजाशी आल्यावर त्यानं बैल थांबवले. आई उतरली. पोट दोन्ही हातांनी धरून चालली. बाप बैलांपुढं अनवाणी, आणि लक्ष्मी आईचा पदर धरून पावलं मोजत होती. बेचाळीस. चौथऱ्यावर कुणीतरी पान खात बसलं होतं. आई वाचली. बाळ वाचलं नाही.

"बघ," व्यंकटराव साक्षीला म्हणाले, "म्हातारीला रीत कळती. शीक जरा."

"आजी!" साक्षीचा आवाज फाटला. "तू कशाला उतरलीस? बस! नऊ वाजायला आले!"

लक्ष्मीबाईंनी हातातल्या चपलांकडं बघितलं. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला अंगठ्याजवळची शिवण लख्ख दिसली. मग त्यांनी चपला खाली टाकल्या, आधी उजवी, मग डावी, पायात सरकवल्या. पदर खोचला. टांग टाकून पुन्हा स्कूटीवर बसल्या.

"व्यंकटराव," त्या म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा तोंडातून नाव आलं, 'मालक' नाही. "रस्ता इकडून सोडलाय. मागं घ्या."

हॉर्न थांबले. व्यंकटराव लक्ष्मीबाईंकडं बघत राहिले, मग स्टिअरिंगकडं. लक्ष्मीबाई उतरल्या नाहीत.

"कसं घेऊ?" व्यंकटराव शेवटी म्हणाले, आणि आवाजातला ताठा कुठंतरी गेला होता. "मान वळत न्हाई माझी. दोन महिने झाले. आरशात निस्ती भिंत दिसती."

साक्षीनं कपाळावर हात मारला. आठ एकोणसाठ.

लक्ष्मीबाई पुन्हा उतरल्या. या वेळी चपला पायातच होत्या. नालीच्या कडेनं जीपला वळसा घालून त्या मागं गेल्या आणि वेशीकडं पाठ करून, आरशात दिसतील अशा, भर रस्त्यात उभ्या राहिल्या.

"चालू करा. येऊ द्या. येऊ द्या अजून. डावीकडं नाली हाय, उजवं मारा. उजवं म्हणलं ना! हां. सरळ."

जीप सरकायला लागली. त्या मागं मागं चालत होत्या, दोन्ही हात वर करून, एक बोलावणारा, एक थोपवणारा. एकदा जीपचं चाक चौथऱ्याला घासलं, दोन विटा निखळून पडल्या. व्यंकटराव थांबले.

"पडू द्या," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "येऊ द्या."

वेशीपाशी मोकळी जागा होती. जीप तिथं बाजूला लागली. लक्ष्मीबाई दम टाकत उभ्या होत्या तोवर साक्षी स्कूटी घेऊन आलीच. "बस बस बस!"

परभणीत परीक्षेच्या गेटवर शिपायानं साखळीला हात घातला होता. साक्षी गाडी स्टँडवर न लावताच आजीच्या हाती सोडून पळाली. शिपाई ओरडला, घड्याळ बघितलं, आणि तिला आत घेतलं. मागोमाग साखळी पडली.

दुपारी बाहेर आल्यावर साक्षीनं बाटलीतलं अर्धं पाणी एका दमात संपवलं. पेपर बरा गेला म्हणाली. मग एकदम म्हणाली, "आजी, तिथं तू चप्पल कशाला काढली होतीस गं?"

लक्ष्मीबाईंनी स्कूटीच्या सीटवरची धूळ पदरानं पुसली.

"खडा गेला होता," त्या म्हणाल्या. "निघाला. चल, डोळा दाखवायचाय."