खोक्यांचा आकडा

सगुणाचा पारा चढायला काय लागतं, हे पेणजवळच्या जिते गावातल्या कुणालाही विचारा. फार काही लागत नाही. नुसतं खोक्याचं नाव काढलं तरी पुरतं.

खोकं म्हणजे पुठ्ठ्याचं साधं खोकं हो! खाली पेंढा घालायचा, त्यात गणपती बसवायचा, वरून आणखी पेंढा दाबायचा आणि सुतळी बांधायची. पेणच्या बाजूची मूर्ती नुसती देखणी असून भागत नाही. सुरतेला नाहीतर नागपूरला पोचेपर्यंत तिची सोंड सोंडेच्या जागी राहायला हवी. आणि धड खोकी करणारा माणूस या सबंध टापूत एकच, रोह्याचा दाजी. पूल ओलांडून अष्टमी गावात गेलं की त्याचा पत्र्याच्या छपराचा कारखाना लागायचा.

आता गंमत ऐका. मूर्तींच्या कारखानदाराला शंभर खोकी हवी असली की तो दाजीला दोनशे सांगायचा. का? तर दाजी अर्धीच देतो. आणि दाजी अर्धी का द्यायचा? तर हे लोक दुप्पट सांगतात! अशी वर्षानुवर्षं ही फुगडी चाललेली. एका वर्षी आंब्याचं पीक बुडालं, पेट्यांचं काम नाही म्हणून दाजीचं मशीन मोकळं राहिलं आणि त्यानं जित्यातल्या हिरामणनं सांगितलेली सगळी खोकी पाठवून दिली. हिरामणची पडवी आढ्यापर्यंत भरली, अर्धी खोकी वाळवीनं खाल्ली. आणि दाजीचा कागद त्यातच संपल्यामुळे पलीकडच्या आळीत सगुणाच्या मूर्ती नुसत्या पेंढ्यात बांधून ट्रकात चढल्या. आठवड्याभरानं त्यातल्या कितीतरी परत आल्या. कुणाचा हात गेलेला, कुणाचा मुकुट. देवाचा मोडलेला हात बघून सगुणाला असा संताप आला की तिनं दोन दिवस नवऱ्याशीसुद्धा धड बोलणं टाकलं. बिचाऱ्या कान्हूचा त्यात काडीचा संबंध नव्हता.

"मेले एकत्र बसून चार शबूद बोलतील तर शपथ!" ती म्हणाली. "सगल्यांचा माल एकाच वाटेनं जातो, सगल्यांची खोकी एकाच मानसाकडून येतात, आनि जो तो दुसऱ्यापासून लपवतो. काय लपवता रे, सोनं हाय का घरात?"

सत्त्याण्णव सालची दिवाळी झाली आणि तिनं तिघांना आपल्या मांडवात बोलावलं. हिरामण आला, रस्त्याकडेच्या मोठ्या कारखान्याचा मालक, आवाज असा की मूर्तीचा रंग उडावा. पेणहून विष्णुपंत आले, दोन पिढ्यांचे मूर्तिकार, पायातली चप्पलसुद्धा जोडीनं नीट लावून ठेवणारे. आणि आला पुंडलिक. मिठागरावर राबणाऱ्या बापाचा पोर, दोनच वर्षांमागे स्वतःची शेड घातलेली. बायको रंगकाम करायची, हा साचे भरायचा.

पुंडलिकाच्या बाबतीत नुकतीच एक मोठी गोष्ट घडली होती. मुंबईचा एक व्यापारी त्याच्या मूर्ती मॉरिशसला न्यायला तयार झाला होता. न्हावाशेव्याहून जहाजानं, ज्येष्ठ लागायच्या आत. व्यापारी जाताना सगुणाच्या ओट्यावर चहा पिऊन गेला आणि साफ सांगून गेला, "प्रत्येक मूर्ती खोक्यात पाहिजे. पेंढ्यात बांधलेला माल मी जहाजावर चढवत नाही. ह्याचा लॉट सुखरूप पोचला तर पुढच्या साली जित्यातल्या सगळ्यांचा माल उचलतो. नाही पोचला, तर मी परत इकडे यायचा नाही." म्हणजे एकट्या पुंडलिकाचं नव्हे, सगळ्यांचंच दैव त्या खोक्यांत बसलं होतं. सगुणाची तळमळ होती ती म्हणूनच.

तिची योजना सरळ होती. चौघांची मिळून एकच मागणी, दाजीला आधी सांगायची, एकच ट्रक करायचा. फक्त आकडा खरा हवा. दाजी त्यावरच कागद मागवणार. खोटा आकडा सांगून कुणी खोकी दाबून ठेवायची नाहीत.

"शपथ घ्या," सगुणा म्हणाली, आणि मळून ठेवलेला शाडूचा गोळा तिनं मधोमध आणून आपटला. मातीवर हात ठेवून खोटं बोलायचं नाही, ही या धंद्यातली जुनी रीत. त्या मातीचाच देव होणार असतो ना.

चौघांनी हात ठेवला. हिरामण म्हणाला चारशे. विष्णुपंत घसा साफ करून म्हणाले, "तीनशे धरा, सगुणाबाई." पुंडलिक म्हणाला एकशेवीस. सगुणानं स्वतःचे शंभर सांगितले. सगळे चहा पिऊन गेले.

दुसऱ्या दिवशी ती आणि कान्हू रोह्याच्या गाडीत बसले, आणि कासू स्टेशन येईपर्यंत तिच्या तोंडाचा पट्टा थांबला नाही.

"चारशे म्हनं! याच्या पडवीत दोनशे मूर्ती मावतात, त्या पन एकमेकांच्या मांडीवर बसवून! आनि डावा हात ठेवलान मातीवर, मी बघितला ना. वाटलं आसंल डाव्या हातानं पाप लागत नाय."

"आनि पंत?"

"पंत काय कमी हाईत? दर साली त्यांचे दीडशे जातात, पेनच्या बाजारात कुनालाबी इचार. एवढा शिकलेला मानूस, आनि घसा साफ करून थापा!"

"मंग काय सांगनार दाजीला?"

"अर्धे. सगल्यांचे अर्धे." तिनं हात असा झटकला की समोरच्या बाईनं आपली टोपली मागे ओढली. "यांना यांचीच भाषा कलते."

कान्हूनं विचारलं, "पुंडलिकाचे पन अर्धे?"

"तो कुठला येगला? एकाच मालेचे मनी! पयल्या खेपेला कोन उचलतंय रं एवढा माल? साठ आसतील. या लोकांत ऊठबस करून तो पन शिकला दुप्पट सांगायला."

"त्याला इचारलं आसतं येकदा."

"इचारून काय? परत तोच आकडा सांगल."

"आनि आपले?"

"आपले खरे हाईत," सगुणा म्हणाली.

खरे! तिला लागायचे ऐंशी. वरचे वीस तिनं फुटीतुटीला म्हणून धरले होते. पण ते तिच्या मते खोटं नव्हतं, तो शहाणपणा होता. दुसऱ्यानं केली ती लबाडी, आपण केली ती काळजी. असं असतं बघा माणसाचं!

दाजीनं आकडा ऐकला आणि दोनदा विचारलं, "पक्का?"

"पक्का."

"मग ऐका, ताई. मी बरोबर एवढाच कागद मागवतो. चैत्र लागला की माझं मशीन आंब्याच्या पेट्यांना जुंपलेलं असतं. तेव्हा तुम्ही इथं येऊन धरणं धरलंत तरी एक खोकं निघायचं नाही. नंतर माझ्या नावानं बोटं मोडू नका."

"नाय मोडत," सगुणा म्हणाली.

फाल्गुनात ट्रक आला. काय सांगावं, पहिल्यांदाच वेळेवर आला! हिरामणकडे दोनशे उतरली. तो ओरडेल म्हणून सगुणा कंबर कसून उभी होती, पण त्यानं खोकी मोजली, मिशीतल्या मिशीत हसला आणि आत नेली. पंतांनी निरोप धाडला, दीडशे मिळाली, बरोबर पुरतील. सगुणाला आकाश ठेंगणं झालं. बघा म्हणावं, चार माणसं एकत्र आली की कसं सुतासारखं सरळ होतं! त्या दिवशी तिनं कान्हूला मागितल्याशिवाय चहा दिला.

संध्याकाळी पुंडलिक आला आणि दारातच उभा राहिला.

"काकी, माजी बाकीची खोकी दुसऱ्या खेपेला येनार का?"

"कुठली बाकीची?"

"साठ आली ना. साठ ऱ्हायली."

सगुणाच्या हातातलं भांडं हातातच राहिलं. "तुला लागतात किती रे?"

"एकशेवीस. सांगितलेली ना मी."

"खरंच एकशेवीस?"

त्याला प्रश्नच कळला नाही. "म्हंजे? व्यापाऱ्यानं तेवढ्याच मूर्ती सांगितल्यात. सगल्या रंगून तयार हाईत."

 

सगुणा तशीच स्टेशनाजवळच्या एसटीडी बूथवर गेली. दाजीनं फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, कागद संपला, नवा यायला महिना, आणि तोवर आंबा आला." तिथून ती हिरामणच्या कारखान्यात गेली.

"हिरामण, साठ खोकी दे. पोराचं जहाज चुकंल."

"कुठून देऊ गो? दोनशे मूर्ती, दोनशे खोकी. मोजून घे."

"मंग चारशे कशाला सांगितलंस, मेल्या? मातीवर हात ठेवून!"

हिरामण हसला नाही. तेच जास्त झोंबलं. "तू कापनार हे मला म्हाईत होतं, म्हनून सांगितले. दोनशे बोललो आसतो तर शंभर टेकवली आसतीस हातात. सांग, टेकवली आसतीस का नाय?"

सगुणानं पदर खोचला आणि ती जायला वळली. 

"तो येडा खरं बोलला," हिरामण म्हणाला, "त्यात माजी काय चूक?"

घरी येऊन तिनं आपल्या शंभर खोक्यांतली साठ बाजूला काढली. कान्हू हातगाडी घेऊन आला. "मूर्ती कशात पाठवनार आपन?" त्यानं विचारलं.

"पेंढ्यात. मोडू देत हात. माजेच मोडायला पायजेत." ती हातगाडीवर खोकी रचू लागली.

पुंडलिकाच्या शेडमध्ये त्याची बायको मूर्तींवर जुन्या साड्या पांघरत होती. एकशेवीस देव, रांगेनं, अगदी बोलल्याप्रमाणे. सगुणानं खोकी उतरवली आणि सरळ सांगून टाकलं. "दाजीची चूक नाय रे. मी कापली तुजी. सगले दुप्पट सांगतात म्हनून."

पुंडलिकानं हातातलं खोकं खाली ठेवलं. "पन मी तर नव्हतं सांगितलं."

"व्हय. चुकलं माजं."

तो भांडला असता तर तिनं ऐकून घेतलं असतं. तिला तेच हवं होतं. पण तो फक्त "बरं, काकी" म्हणाला आणि खोकी आत नेऊ लागला.

लॉट सुखरूप गेला. एकही मूर्ती मोडली नाही. सगुणाच्या मात्र बऱ्याच मूर्ती त्या वर्षी पेंढ्यात गेल्या आणि काही परत आल्या, ते सोडा. दिवाळीनंतर व्यापारी ठरल्याप्रमाणे आला, खुशीत होता. चौघांचाही माल उचलतो म्हणाला. पुंडलिकाला त्यानं सगळ्यांसमक्ष सांगितलं, "तुझे मागच्यासारखेच, एकशेवीस. जास्त नकोत, कमी नकोत." सगुणानं स्वतःच्या कानांनी ऐकलं ते.

व्यापारी गेल्यावर खोक्यांचं बोलणं निघालं. सगुणानं आधीच बजावलं, "या साली मी कुनाचं काय कापनार नाय. जो जे बोलंल ते तसंच दाजीला सांगनार. एका साली तरी खरं बोला रे, पाया पडते तुमच्या!"

"चारशे," हिरामण म्हणाला. पंतांनी घसा साफ केला, तीनशे. दोघांसाठी सगुणाच्या जिभेवर शिव्या तयार होत्या. पण पुढची पाळी पुंडलिकाची होती, म्हणून ती थांबली.

"दोनशे चालीस," पुंडलिक म्हणाला.

हिरामणनं मांडीवर थाप मारली. "आता झालास कारखानदार!"

पुंडलिक हसला नाही. सगुणानं त्याच्याकडे बघितलं. हिरामणवर ओरडता येत होतं, पंतांना टोमणा मारता येत होता, पण या पोराला शिव्या द्यायचा हक्क तिनं स्वतःच घालवला होता.

"एकशेवीस लागतात ना रे तुला?" तिनं हळू विचारलं.

"लागतात एकशेवीसच, काकी," तो म्हणाला. "पन मिलायला पायजेत ना."