टॅपेट बारावर

“धोंडूकाकानू, पेट्रोल अँबॅसडरचे टॅपेट कितीवर ठेवतास?”

सत्यवान माझ्या गॅरेजच्या दारात उभा होता. हात काळे, चेहरा हसरा. मालवणात डिझेलच्या अँबॅसडर दिसायला लागल्या आणि दोन वर्षांपूर्वी हा मुंबईहून डिझेलचं काम शिकून आला, तो थेट माझ्या नाकासमोर गॅरेज टाकून बसला. तेव्हापासून माझी निम्मी गिऱ्हाइकं तिकडे.

“तुका कित्याक होया ता?”

“भिकाजीची टॅक्सी इली हा. माका डिझेलचा म्हायत आसा. इंजिनां एकाच घराण्यातली, पण ह्येची फट वेगळी आसली तर?”

भिकाजीची! त्या इंजिनाला अठरा वर्षांत माझ्याशिवाय कोणाचा हात लागला नव्हता. स्क्रूड्रायव्हर कानाला लावून चारांतला कोणता सिलिंडर रुसलाय ते मी सांगायचो. आणि हा भिकाजी मला न विचारता समोर गेला! माझ्या अंगाची नुसती लाहीलाही झाली.

“पुस्तकात बघ.”

“पुस्तक कित्याक? तुमी आसास मां.”

इतका विश्वास! त्यानं तर मी आणखीच पेटलो. व्हॉल्व्हच्या डोक्यावरची ही टॅपेटची फट पंधरा हजारांश इंच ठेवायची, हे मी झोपेतसुद्धा सांगितलं असतं.

“बारा,” मी म्हणालो.

तो मान हलवून गेला.

फट कमी ठेवली की सुरुवातीला इंजिन कसं गुपचूप चालतं; पण तापल्यावर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि हळूहळू जळतो. भिकाजी बाजारभर सांगत सुटला, “सत्यवानान आवाजच बंद केल्यान बघा!” मी ऐकून घेत होतो. म्हटलं, थांब जरा, कळेल.

ऐन चतुर्थीत, मुंबईकरांची भाडी ठरलेली असताना, कसालच्या चढावर गाडीनं मान टाकली. भिकाजीनं ती ओढत आणली ती माझ्याकडे. मी हेड उघडलं. तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह कडेनं जळलेला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

भिकाजीनं चार माणसांदेखत सत्यवानाला बोलावून घेतलं. “टॅपेट कितीवर ठेवललंस रे?”

“बारावर.”

“कोणी सांगला तुका?”

सत्यवानानं जळका व्हॉल्व्ह पाहिला, मग मला. त्याला सगळं कळलं होतं.

“कोणी नाय. माझाच चुकला,” तो म्हणाला.

मेल्या, शिव्या तरी द्यायच्यास! मला ते सहन होईना.

“भिकाजी, बारा मीच सांगलंय तेका. मुद्दाम सांगलंय.”

भिकाजी हसतच सुटला. “अठरा वर्सां ह्या इंजिनाक हात लावतस आणि तू बारा सांगशीत? पोराची अब्रू राखूक सोताच्या अंगावर घेतस काय? धोंडू, देवमाणूस रे तू!”

माणसांनी माना डोलावल्या. मी पुन्हा सांगितलं, रामेश्वराची शपथ घातली. जेवढं सांगावं तेवढा मी मोठाच होत गेलो.

आता डिझेलवालेही माझ्याकडे येतात. “समोर जावा, तो चांगलो आसा,” म्हटलं की “बघा, ह्येका म्हणतत माणूस!” म्हणतात आणि गाडी इथेच लावतात. सत्यवान समोर बसून धुतलेले पाने पुन्हा पुसत असतो.