महानिरीक्षकाचे चार शेवट

जिथे विश्वास आहे तिथे कुलूप लागत नाही. हे वाक्य चष्मेवाल्याने आपल्या 'निळे दिवे' या कादंबरीमालेच्या पहिल्या भागात लिहिले, दुसऱ्यात एका म्हातारीच्या तोंडी घातले, तिसऱ्यात तुरुंगाच्या भिंतीवर कोरले आणि चौथ्याच्या मागच्या पुठ्ठ्यावर छापून घेतले. पाचवा आणि शेवटचा भाग लिहायला घेतला तेव्हा त्याने सर्वांत आधी एक कुलूप विकत आणले.

कुलूप लागले ते दुकानातल्या लेन्सच्या कपाटाला. खालच्या खणात, कुणी न्यायलाच न आलेल्या चष्म्यांच्या खोक्याखाली, हस्तलिखित ठेवलेले असे. किल्ली त्याच्या गळ्यात, क्रूसाच्या शेजारी. जिना चढताना दोन्ही एकमेकांवर वाजत, आणि वर घरात बायको म्हणे, "आलं बघा घंटा बांधलेलं मांजर."

'निळे दिवे' ज्यांनी वाचलेली नाही, आणि अशांची संख्या मोठी आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर एक नगर आहे. तिथे प्रत्येक घराच्या छताला एक निळा दिवा असतो आणि तो ऐकतो. प्रार्थनेला बंदी आहे. शेजाऱ्याची चुगली केली की जास्तीचे रेशन मिळते. ठिणगी नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीला कोरड्या टाकीत अर्धवट जळालेले बायबल सापडते, तळघरात चार पोरे जमतात आणि एकमेकांवर भरवसा ठेवायला शिकतात. त्यांच्या मागावर असतो महानिरीक्षक. चार भाग झाले तरी त्याचा चेहरा कुणी पाहिलेला नव्हता.

ही गोष्ट मुळात लिहिण्यासाठी नव्हतीच. मुलगी लहानपणी अंधाराला घाबरायची, तिला झोपवताना चष्मेवाला ती रचत गेला. मुलगी मोठी झाली, अंधाराची भीती गेली, गोष्ट राहिली. तो हाताने लिहायचा, ती संगणकावर टाइप करायची, आणि मध्येच थांबून म्हणायची, "पप्पा, हे खोटं वाटतं." मग तो ते पान फाडायचा. एरवी त्याच्या लिखाणाला कुणी खोटे म्हटले असते तर त्याने त्याला नजर तपासून घ्यायला सांगितले असते. चारही भाग तिलाच अर्पण केलेले होते. पुढे काही लिहिणार का, असे कुणी विचारले तर तो म्हणे, "टायपिस्ट आहे तोवर."

छापखाना मेहुण्याचा. लग्नपत्रिका, गीतांची पुस्तके आणि 'निळे दिवे', असा त्याचा पसारा. वाचक म्हणजे आसपासच्या चर्चच्या मंडळ्यांमधली तरुण पोरे. त्यांनी फोनवर एक ग्रुप काढला होता आणि तिथे ती ठिणगीवरून कडाकडा भांडत. चष्मेवालाही दुसऱ्याच्या नावाने त्या ग्रुपात होता. फक्त ऐकायला.

त्याच ग्रुपवर एका सकाळी बातमी आली: महानिरीक्षक म्हणजे ठिणगीचा बाप. पक्की खबर.

चष्मेवाला तेव्हा एका गिऱ्हाइकाच्या नाकावर चाचणीची फ्रेम चढवून तीत लेन्सा घालत होता. हातातली लेन्स कुठली होती हे त्याला पुढे आठवले नाही.

"आता सगळं दोन दोन दिसतंय," गिऱ्हाईक म्हणाले.

"मलापण," चष्मेवाला म्हणाला.

चार भाग पोटात बाळगलेले हे गुपित चौघांनाच ठाऊक होते. बायकोला, कारण नवरा जेवताना गप्प का, हे तिने खोदून काढले होते. मेहुण्याला, मुखपृष्ठासाठी. चर्चच्या पाळकसाहेबांना, कारण बाप खलनायक असलेला शास्त्राला चालेल का, हे विचारायचे होते. आणि मुलीला. चारही माणसे त्याच्या जिवाभावाची, म्हणजे चौघांनाही संधी भरपूर.

त्याने कामाला सुरुवात मेहुण्यापासून केली. त्याला नजर तपासायच्या निमित्ताने खुर्चीत बसवले, फ्रेम चढवली आणि एक डोळा झाकला. अशा अवस्थेत माणूस पळून जात नाही.

"खालची ओळ वाच."

"भाऊजी, माझा चष्मा तुम्हीच केलाय सहा महिन्यांपूर्वी."

"वाच."

मेहुण्याने ओळ घडाघडा वाचली. चष्मेवाल्याच्या मनात पाल चुकचुकली. इतक्या वर्षांच्या धंद्यात तो एक गोष्ट शिकला होता: ज्याला खरेच दिसते तो कुठेतरी अडखळतो, ज्याला तक्ता पाठ असतो तो अडखळत नाही.

"ग्रुपवरची बातमी पाहिलीस?"

"पाहिली की! छान झालं. फुकटची जाहिरात."

"छान? कुणाचं छान?"

"अहो, पुस्तकाचं. डोळा उघडू का आता? पाणी यायला लागलंय."

पाणी का यावे, याचाही चष्मेवाल्याने दिवसभर विचार केला.

बायकोला त्याने आडून विचारले. ती अडखळली. हे शुभचिन्ह म्हणावे तर तिने लगेच विषय बदलला, गॅस संपत आल्याचे सांगितले. गॅस खरोखरच संपत आला होता, पण तोही नेमका आत्ताच. पाळकसाहेबांना विचारायची सोय नव्हती. पाळकावर संशय घेण्यापूर्वी पाळकाशीच बोलावे, असा मंडळीचा नियम होता.

राहिली मुलगी. ती वरच्या खोलीत टाइप करत बसली होती, शेवटून दुसरा अध्याय. त्याने दाराशी उभे राहून घसा साफ केला.

"ग्रुपवर ते आलंय ना, तू कुणाजवळ बोलली होतीस का? मैत्रिणीजवळ वगैरे? सहज?"

"नाही," ती म्हणाली. अजिबात अडखळली नाही.

चष्मेवाला दारातून हलला नाही. तिने बोटे थांबवली आणि वळून पाहिले.

"पप्पा, तुम्हाला मी वाटते?"

"तसं नाही गं. आपलं विचारून ठेवलं."

"बरं," ती म्हणाली आणि संगणक बंद केला. अध्यायाची तीन पाने टाइप व्हायची राहिली होती.

दुसरा कुणी असता तर इथे थांबला असता. पण चष्मेवाल्याने चार भाग लिहिले होते आणि निरीक्षकांच्या युक्त्या त्याला तोंडपाठ होत्या, कारण त्या त्यानेच त्यांना शिकवल्या होत्या. त्याने शेवटचा अध्याय चार तऱ्हांनी लिहिला. बायकोला दिला त्यात बाप आगीत मरतो. मेहुण्याला दिला त्यात बाप कधीच मेलेला असतो आणि त्याच्या नावाने यंत्र बोलते. पाळकसाहेबांना दिला त्यात बाप आंधळा होऊन रस्त्यावर प्रार्थना करत फिरतो. मुलीला दिला त्यात ठिणगी बापाला स्वतः पकडून देते. प्रत्येकाला त्याने खालच्या आवाजात सांगितले, "फक्त तुझ्यावर भरवसा आहे म्हणून." पाळकसाहेबांना 'तुमच्यावर'. खरा शेवट त्याने लिहून कुलपात ठेवला. आता ग्रुपवर जो शेवट उगवेल, तो ज्याच्याकडचा, तोच चोर.

मन मात्र खाऊ लागले. माणूस चांगला होता. खोटे बोलल्यावर त्याला अन्न गोड लागत नसे. बुधवारी तो प्रार्थना सभेला गेला. तिथे सगळे डोळे मिटून बसत आणि एकेक जण मोठ्याने प्रार्थना करी. चष्मेवाल्याची प्रार्थना लांबीसाठी प्रसिद्ध होती. ती सुरू झाली की पाळकसाहेबांसकट जाणती माणसे आधी बूड नीट टेकवून घेत आणि मग डुलकी काढत. त्या बुधवारी त्याने देवापासून काही म्हणता काही लपवले नाही, आणि घरी येऊन दोन घास जास्त जेवला.

शुक्रवारी सकाळी ग्रुपवर चारही शेवट आले. एकाखाली एक, ओळीने.

चष्मेवाला खुर्चीतच बसला. एक यहूदा त्याने गृहीत धरला होता. चार म्हणजे फारच झाले. बारा शिष्यांत एक फितूर निघाला तर जगाने इतकी वर्षे लक्षात ठेवले, इथे तर सगळे घरच.

रविवारी उपासनेनंतर त्याने सगळ्यांना जेवणाच्या टेबलाभोवती बसवले. पाळकसाहेबांनाही बोलावून घेतले होते. दार लावले. गळ्यातली किल्ली काढून टेबलाच्या मधोमध ठेवली. ती तिथे का ठेवली हे कुणाला कळले नाही, पण चौथ्या भागात महानिरीक्षक तसेच करतो.

"मी कुणाचं नाव घेणार नाही," तो म्हणाला, "कारण घ्यायचं तर सगळ्यांचंच घ्यावं लागेल."

"अहो, जेवण निवतंय," बायको म्हणाली.

"निवू दे. चौघांना चार शेवट दिले होते. वेगवेगळे. चारही बाहेर गेले."

मग मेहुणा म्हणाला, "म्हणजे ते यंत्र खोटं? भाऊजी, मी त्या यंत्राचं मुखपृष्ठ करून बसलोय!"

"मला दिलेला आंधळा बाप मला फार भावला होता," पाळकसाहेब खिन्नपणे म्हणाले. "पुढच्या रविवारच्या उपदेशात घेणार होतो."

"मला आगीत मेलेला दिला," बायको म्हणाली. "मी दोन दिवस रडले. तुम्ही बघत होता मी रडताना, आणि नुसते बघतच राहिलात?"

"निरीक्षण करत होतो," चष्मेवाला म्हणाला, आणि हे बोलायला नको होते असे त्याला लगेच वाटले.

मुलीने फोन काढला, टेबलावर किल्लीशेजारी ठेवला आणि बोट टेकवले. आधी खोकला ऐकू आला, मग खुर्च्यांची करकर, आणि मग चष्मेवाल्याचा स्वतःचा आवाज, संथ आणि भरून आलेला:

"हे स्वर्गीय बापा, मी माझ्या माणसांशी कपट केले आहे. बायकोला मी दिले त्यात बाप आगीत मरतो. मेहुण्याला दिले त्यात यंत्र आहे. तुझ्या सेवकाला मी आंधळा बाप दिला. आणि माझ्या मुलीला, प्रभू, माझ्या मुलीला मी असे दिले की पोरगी बापाला धरून देते. यांतला जो कुणी विश्वासघातकी असेल त्याला तू उघडा पाड..."

"आमेन," फोनमधून चारपाच आवाज म्हणाले.

"त्याच्या आधीच्या महिन्यातलंपण आहे," मुलगी म्हणाली. "त्यात महानिरीक्षक बाप आहे म्हणून तुम्हाला झोप लागत नाही, ते सांगितलंय. लावू?"

"हे रेकॉर्ड कोण करतं?" चष्मेवाल्याने विचारले. आवाज बारीक झाला होता.

पाळकसाहेबांना संकोच वाटला. "बंधू, अंथरुणाला खिळलेल्यांना घरी ऐकता यावं म्हणून सभा आपण नेटवर टाकतो. दोन वर्षं झाली. तुम्हीच ठराव मांडला होतात. माइकपण तुम्हीच दिलात. आजीआजोबांना पोरंच लावून देतात, मग तीही ऐकतात बसून."

"पण मला कधी कळलं नाही तो चालू असतो म्हणून."

"चालू असला की त्याचा दिवा लागतो ना, निळा," पाळकसाहेब म्हणाले. "पण तुमचे डोळे मिटलेले असतात."

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," बायको म्हणाली आणि ताटे वाढायला उठली. मेहुणा हसू दाबायला पाणी प्यायला आणि ते नाकातून आले. त्यावर पाळकसाहेबही हसले. चष्मेवाल्यालाही शेवटी हसू आले; त्याने सगळ्यांची माफी मागितली आणि सगळ्यांनी ती जेवता जेवता दिली. मुलगी तेवढी जेवण संपवून आपले ताट उचलून गेली.

संध्याकाळी त्याने कपाट उघडले, खरा शेवटचा अध्याय काढला आणि वर नेऊन तिच्यापुढे ठेवला. कुलूप त्याने जाताना कचऱ्याच्या डब्यात टाकले होते, आणि ते तिला सांगितलेही. ती वाचू लागली. तो दाराशी उभा राहिला. अध्यायात नगराचे दिवे विझतात, महानिरीक्षक तळघरात येतो, गुडघे टेकतो, म्हणतो, पोरी, मी चुकलो. आणि ठिणगी त्याला त्याच क्षणी मिठी मारते.

मुलीने शेवटचे पान उलटे ठेवले.

"पप्पा, हे खोटं वाटतं."

चष्मेवाला पान फाडायला पुढे झाला नाही. हात गळ्याशी गेला. तिथे आता फक्त क्रूस होता. "शास्त्राला धरून आहे," तो म्हणाला.

"असेल," ती म्हणाली. पाने नीट जुळवून तिने त्याच्या हातात दिली आणि दिवा मालवून झोपायला गेली.

शेवटचा अध्याय कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातल्या टायपिस्टने टाइप केला. पुढे काय होते, हे त्याने विचारले नाही.