कासवराजाला दहापैकी तीन

मालिकांमधल्या अभिनयाला गुण देणं हा माझा धंदा आहे. दर शुक्रवारी पेपरात माझी चौकट येते: नट, भूमिका, दहापैकी किती, आणि खाली दोन ओळींची खोचक मल्लिनाथी. लोक म्हणे ती मल्लिनाथी वाचायलाच पेपर उघडतात. हे मला खरं वाटत असे, आणि त्याची हवा माझ्या डोक्यात चांगलीच गेली होती.

सात बेटांच्या राज्याची ती नवी अद्भुत मालिका आली, तेव्हा वाहिनीने सहा भाग आधीच पाठवले. उडते मासे, बोलणारे दगड, आणि नऊशे वर्षांचा कासवराजा. कासवराजा झाले होते रंगभूमीवरचे एक म्हातारे नट. सगळे त्यांना दादा म्हणतात. मी लिहिलं, 'दहापैकी तीन. या कासवाला कुठली गाडी गाठायची आहे कळत नाही. दम पुरत नसेल तर वाक्यं गिळण्यापेक्षा घरी बसावं.' लिहून झाल्यावर मी स्वतःशीच हसले होते, तेही सांगून टाकते.

दोन आठवड्यांनी एका दुपारी सासूबाई टीव्हीवर तीच मालिका बघत होत्या. मी शेजारी कपड्यांच्या घड्या करत होते. सासूबाई म्हणाल्या, "किती सावकाश बोलतो गं हा. मी चहा टाकून आले तरी याचं वाक्य चालूच."

मी मान वर केली. कासवराजा धाकट्या भावाला निरोप देत होता. एकेक शब्द सुटा, मध्ये लांब शांतता, आणि त्या शांततेत हळूहळू भरून येणारे डोळे. हा प्रसंग मी पाहिला होता. असा मात्र नव्हता पाहिला. हातातला टॉवेल अर्धवट घडीचा तसाच राहिला.

मी मालिका मोबाइलवर बघते, दीडपट वेगाने. आमच्या धंद्यात बरेच जण तशाच बघतात, बोलत कोणी नाही. आठवड्याला पाच मालिका, शिवाय घरचं सगळं, मग करणार काय, असं मी स्वतःला समजावत आले होते. तरुण नटांच्या ज्या चटपटीतपणाला मी आठ-आठ गुण वाटले, तो त्या दीडपटीचाच. सवय इतकी मुरली होती की वेग मीच वाढवून ठेवलाय हे माझ्या ध्यानातही राहिलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या मालिकेतल्या रंगभूषाकार बाई माझ्या ओळखीच्या. त्यांना फोन केला, आणि आडून आडून दादांची चौकशी केली. त्या म्हणाल्या, दादांनी आपणहून काम सोडलंय, उद्या शेवटचा दिवस. गेल्या वर्षी ते छातीच्या दुखण्यातून उठले, तेव्हापासून आपला दम पुरत नाही ही भीती त्यांच्या मनात होतीच. स्वतःचं काम पडद्यावर बघायची त्यांना सवय नाही; त्यात पेपरात तसंच छापून आलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्या खोलीत गेले. दादा आरशासमोर बसले होते. मानेवर हिरवे खवले, समोर न उघडलेला डबा. माझं नाव ऐकल्यावर ते चक्क उठून उभे राहिले. इतकी वर्षं सगळे तोंडावर गोडच बोलत आले, खरं तेवढं तुम्ही बोललात, असं म्हणून त्यांनी माझे आभार मानले.

मी अडखळत सगळं सांगून टाकलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि नुसती मान हलवली. म्हाताऱ्याची दया येऊन ही बाई सारवासारव करतेय, असं त्यांना वाटलं असावं. मग मी मोबाइल काढला. निरोपाचा प्रसंग आधी दीडपटीने लावला.

"हेच," ते म्हणाले. "हेच लिहिलंय तुम्ही."

मी वेग खाली आणला आणि तोच प्रसंग पुन्हा लावला. ते पडद्यावर अगदी ओणवे झाले. प्रसंग संपल्यावर त्यांनी तो स्वतःच्या बोटाने पुन्हा लावला.

मी म्हणाले, येत्या शुक्रवारी चूक छापून कबूल करते, निर्मात्यांशी तर आत्ताच बोलते. ते नको म्हणाले. नव्या नटाच्या मापाचं कवचही बनून आलं होतं, आणि त्यांना त्याच्या पोटावर पाय आणायचा नव्हता. रागावले असते तर बरं झालं असतं. शिव्या खायची तयारी करूनच मी आले होते.

"माझी मुलगी घसा फोडून सांगत होती," ते म्हणाले. "बाबा, तुम्ही मुळीच घाईत बोलत नाही. मी तिला खोटारडी म्हणालो. म्हटलं, बापाला फसवतेस. त्या दिवसापासून तिचा फोन घेतला नाही मी."

त्यांनी खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि माझ्यापुढे धरला. "तुम्हीच सांगा तिला. मला तोंड नाही."

तोंड मलाही नव्हतं. पण फोन घेतला. पहिल्याच रिंगला पलीकडून घाईघाईने आवाज आला, "बाबा, काही बोलू नका हवं तर. फक्त जेवलात का ते सांगा."

मी माझं नाव सांगितलं. ती फोन ठेवायच्या आत मी बोलायला लागले.